वॉरंट खरं होतं

१४ ऑगस्ट १८७६, सोमवार

सबीना सकाळीच कोर्टात आली. बस म्हटलं तरी बसेना. मला वाटलं, संकोच वाटत असेल. मग बरोबरच्या बायकांनी सांगितलं – पाठ कशालाच लागू देता येत नाही.

व्हिटफर्डांच्या भातखाचरांवर ती रोजाने जाते. शुक्रवारी दुपारी लेकराला ताप आला म्हणून काम टाकून घरी निघाली, तर लॉरेन्स व्हिटफर्डने तिला मळणीच्या छपराच्या खांबाला बांधलं आणि घोड्याच्या चामडी पट्ट्याने मारलं. सगळ्यांच्या देखत. लॉरेन्स हा कर्नलचा पुतण्या, मळा आता तोच बघतो. आम्ही गुलामीतून सुटून अकरा वर्षं झाली, त्यानंतरची ही गोष्ट.

तक्रार लिहून घेतली. वाचून दाखवली. असंच झालं ना, विचारलं. म्हणाली, 'याहून जास्त झालं. पण असू दे एवढंच.'

वॉरंट लिहायला बसलो आणि हात अडला. स्वतःचीच लाज वाटली. या राज्याची नवी घटना लिहिणाऱ्या सभेत मी होतो. दोनदा विधानसभेवर निवडून गेलो. इथे न्यायाधीश होऊन तिसरं वर्ष चालू आहे. डुकरं, कोंबड्या, बांधाची भांडणं, दारूतल्या मारामाऱ्या – निवाड्यांची गणती नाही. पण व्हिटफर्डांच्या घरातल्या माणसाच्या नावाने वॉरंट? मी त्याच घरी जन्मलो. त्यांच्या मालकीचा होतो.

रेंटी दारात उभा होता. रेंटी मझीक, माझा कॉन्स्टेबल. गुलामी मोडली त्या लढाईत माझ्याच पलटणीत होता. बोलतो कमी.

'जज्जसाहेब, तुम्ही नुसती सही करा. आणायचं माझ्याकडे लागलं.'

'गोळी घालतील तुला.'

'मग त्याचंही वॉरंट काढा.'

हसलो दोघंही. सही केली.

१६ ऑगस्ट

आणला! रस्त्यावर कर्नलची माणसं बसली होती, म्हणून रेंटीने त्याला खाडीतून होडीने आणला. लॉरेन्सनेही फार आढेवेढे घेतले नाहीत म्हणे. त्याला ही तासाभराची करमणूक वाटली असणार.

कोर्ट म्हणजे पेंडीच्या दुकानावरची खोली. आज जिन्यावरसुद्धा पाय ठेवायला जागा नव्हती. लॉरेन्स खुर्चीत पाय ताणून बसला. 'काय प्रॉस्पर काका, हल्ली पिंपं खपत नाहीत वाटतं?' पिंपं करणं हा माझा धंदा. त्याचे चार मित्र हसले. मिस्टर म्हणायला लागू नये म्हणून आम्हाला काका म्हणतात.

मी म्हणालो, 'या खोलीत मला कोर्ट म्हणायचं. आणि उभं राहायचं.'

उठेना. रेंटीने त्याच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. नुसता ठेवला. मग उठला.

सबीना बोलली. आवाज चढवला नाही, रडली नाही. खाचरातल्या तिघी साक्षीला आल्या होत्या. त्यांच्या पोटावर पाय येणार हे त्यांना ठाऊक होतं, तरी आल्या. लॉरेन्सने नाकारलंसुद्धा नाही. म्हणाला, 'आमच्याकडेच जन्मलेली ती. तिला यात नवीन काय?'

महिन्याभरापेक्षा जास्त कैद मला कायद्याने देता येत नाही. महिना दिला.

रेंटी त्याला कोठडीत घेऊन गेला.

घरी येईपर्यंत माझ्या बायकोला, डॉर्कसला, बातमी पोचली होती. ती मला चारचौघांत मिस्टर डीस म्हणते, घरात प्रॉस्पर. आज घरात दोघंच होतो तरी म्हणाली, 'मिस्टर डीस, हात धुवा, भात वाढते.' कोळंबी घालून भेंडी केली होती. मी अर्ध्यावरच उठलो. आनंदाने की भीतीने, देव जाणे.

१७ ऑगस्ट

डॉर्कसने दाराला नवा अडसर बसवून घेतला.

१५ सप्टेंबर

लॉरेन्स आज सुटला. महिनाभर त्याचं जेवण कर्नलच्या घरून झाकून यायचं, तरी तो कोठडीतच होता, आणि बाहेर कडी होती. जाताना रेंटीला म्हणाला, 'तुझं नाव मी विसरणार नाही.' रेंटी म्हणाला, 'मझीक. नीट लिहून ठेवा.'

मला सांगताना रेंटी हसत होता. मला हसू आलं नाही.

८ ऑक्टोबर, रविवार

चर्चमागच्या मैदानात आमच्या पक्षाची सभा. मी बोलायला उभा राहिलो आणि गोऱ्यांच्या पक्षाचे लाल शर्टवाले आले. घोड्यांवर, कमरेला पिस्तुलं. हळूहळू चालत येऊन त्यांनी सभेभोवती कडं केलं. कर्नल व्हिटफर्ड पुढे होता. टोपी काढून म्हणाला, 'चालू दे प्रॉस्पर, आम्हीही ऐकायला आलोय.'

बोललो. काय बोललो ते आठवत नाही. पण शेवटपर्यंत बोललो. पुरुष माणसं एकेक करत मागच्या बाजूने निघून गेली – मी त्यांना दोष देत नाही. बायका राहिल्या. त्यांना मतदानाचा हक्क नाही, पण त्या राहिल्या. सबीना सगळ्यात पुढे होती. घोड्याचं तोंड तिच्या खांद्याशी आलं होतं.

८ नोव्हेंबर

काल मतदान. आमच्या केंद्रावर पेटीच दुपारी आली. आली तेव्हा हलकी नव्हती.

मागच्या दोन निवडणुकांना आम्ही नवे शर्ट घालून, ढोल वाजवत गेलो होतो.

१७ डिसेंबर

दोन्ही पक्ष म्हणतात आम्हीच जिंकलो, म्हणून राज्याला आता दोन गव्हर्नर आहेत. दोघांनीही शपथ घेतली, दोघंही हुकूम काढतात. डॉर्कस विचारते, 'तुझी सही कुठल्या गव्हर्नरची?' मी म्हणालो, 'सही माझी आहे.' ती म्हणाली, 'तीच तर काळजी आहे.'

कोर्टात आठवड्यात एकच प्रकरण आलं. एका बकरीचं.

१३ एप्रिल १८७७

आमच्या पाठीशी असलेलं उत्तरेचं लष्कर राजधानीतून गेलं. आमच्या बाजूचा गव्हर्नरही कचेरी सोडून गेला. उत्तरेकडच्या लोकांना आमचा कंटाळा आलाय. मीही त्यांच्या जागी असतो तर मला आला असता का? नसावा. त्यांच्यासाठी ही लढाई होती, संपली. आम्ही इथे राहतो.

रेंटी आला होता. म्हणाला, 'सोमवारी कोर्ट नेहमीप्रमाणेच ना?'

'नेहमीप्रमाणेच.'

२ मे

नेहमीप्रमाणे फार दिवस चाललं नाही. खोलीला नवं कुलूप. खाली पेंडीवाला नजर चुकवत म्हणाला, 'वरून हुकूम आलाय, प्रॉस्पर.' कालपर्यंत जज्ज म्हणत होता. वाईट माणूस नाही. त्याला दुकान चालवायचंय.

माझ्या नावाची पाटी जिन्याखाली पडली होती. उचलून आणली. डॉर्कसने पुसली, आणि कुठे ठेवायची ते न कळून पलंगाखाली सरकवली.

२० मे

पिंपं. ओकच्या फळ्या तासायला घेतल्या. हात विसरले नव्हते, कंबर विसरली होती. लढाईआधीही हेच करत होतो. मधली वर्षं कुणा दुसऱ्याची होती असं वाटतं. सैन्यात चोविसाव्या वर्षी अक्षरं शिकलो, सार्जंट झालो, पांढरी कॉलर घालून राजधानीच्या त्या मोठ्या दालनात बसलो. शाळांच्या ठरावावर पहिल्यांदा बोललो तेव्हा पडेन की काय म्हणून शेजारच्याने माझा कोट खालून धरला होता. तो ठराव झाला. इथली शाळा त्यातूनच आली.

ती अजून चालू आहे. आहे तोवर आहे.

११ जून

रेंटीला पकडलं. शेतातून उचलून नेलं. गुन्हा काय – लॉरेन्स व्हिटफर्डला मागच्या ऑगस्टमध्ये जबरदस्तीने पळवून नेलं, कायदेशीर वॉरंट नसताना.

वॉरंट होतं. मी लिहिलं होतं.

२८ जून

आज शहरात रेंटीचा खटला झाला. मी साक्ष दिली. वॉरंट माझं, सही माझी, रेंटीने माझा हुकूम पाळला. सरकारी वकील म्हणाला, 'मग दाखव की.' कागद कोर्टाच्या कपाटात होता. आता नाही. कुठे गेला, कुणी सांगत नाही.

ज्यूरीत आमचा एकच होता, आणि त्याचं घर कर्नलच्या जमिनीवर आहे. त्याने सगळा वेळ आपल्या बुटांकडे पाहिलं.

दोन वर्षं सक्तमजुरी. कैदी आता रेल्वेच्या ठेकेदाराला भाड्याने देतात. रेंटीची बायको फिलिस तिथेच खाली बसली. डॉर्कसने तिला उठवलं. रेंटीने जाताना माझ्याकडे पाहून मान हलवली, पलटणीत पहारा बदलताना हलवायचा तशी.

२२ जुलै, रविवार

छावणीवर जाऊन आलो. पहाटे निघून दुपारी पोचलो. दलदलीतून रेल्वेचा भराव चाललाय. कमरेएवढ्या पाण्यात माणसं, पायांत बेड्या. डॉर्कसने भाजलेली रताळी आणि मक्याची भाकरी दिली होती. पहारेकऱ्याने अर्धी आपल्याकडे ठेवली आणि थोडा वेळ बोलू दिलं, शेजारी उभा राहून.

रेंटी निम्मा झालाय. बेडीच्या वर पाय सुजलेत, कातडी काळीनिळी पडून चमकतेय.

'पाय बघू.'

'पायांना काय झालंय? चालतात.'

'मी तुला यातून बाहेर काढीन.'

'मी टिकतोय, जज्जसाहेब. तुम्ही तुमचं बघा.'

पहारेकरी म्हणाला, 'कोण जज्ज?'

'हे,' रेंटी म्हणाला.

परतताना भरावाच्या कडेने ताज्या मातीचे उंचवटे दिसले. लांबोडके. कुणाला विचारलं नाही.

७ ऑगस्ट

कर्नल व्हिटफर्ड माझ्या कारखान्यात आला. एकटाच. उलट्या पिंपावर बसला, तयार पिंपावरून हात फिरवला.

'हात गेला नाही तुझा. माझ्या वडिलांनी शिकवलं ते पक्कं शिकवलं.'

'तुमच्या वडिलांनी नाही. जुबाने शिकवलं. तुमच्या वडिलांनी जुबाला विकलं.'

रागावला नाही. 'तू पहिल्यापासून हजरजबाबी. विधानसभेत शोभला असशील.'

मग मुद्द्यावर आला. लॉरेन्सला सार्वजनिक कामात पडायचंय. पण तो तुरुंगातला महिना त्याला चिकटलाय. 'तुझ्यासारख्याने त्याला आत टाकलं, हे लोक विसरत नाहीत, प्रॉस्पर.'

'त्याने बाईला बांधून मारलं ते विसरले?'

'ते कुणाच्या लक्षात होतं?'

खरंच विचारत होता. टोमणा नव्हता तो.

अट अशी – माझ्यावर अधिकाराच्या गैरवापराचा खटला भरतील. मी उभं राहून कबूल करायचं की वॉरंट खोटं होतं, निवडणुकीच्या सुडापायी काढलं होतं. मला कैद नाही. पुन्हा कुठल्या पदाला उभं राहायचं नाही. मी कबूल केलं की रेंटीची माफी. गव्हर्नर कर्नलच्या शब्दाबाहेर नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

'आणि नाही म्हटलं तर?'

'तर काहीच नाही.' उठला, कोट झटकला. 'थंडी येईल. त्या दलदलीत पाणी फार गार असतं म्हणतात.'

तो गेल्यावर ज्या फळीवर काम करत होतो ती फुकट गेली. मग दुसरी घेतलीच नाही.

८ ऑगस्ट

डॉर्कसला सांगितलं. ती चवळी निवडत होती, निवडत राहिली.

'तू काय करणार ते ठरलंय तुझं. मला कशाला विचारतोस?'

'चूक की बरोबर ते सांग.'

'मला नको विचारू. आधी सबीनाला विचार. पाठ तिची आहे.'

९ ऑगस्ट

सबीना दारापुढे भात कांडत होती. व्हिटफर्डांनी काढून टाकल्यापासून ती घरोघरचा भात कांडून देते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मुसळ चालू.

'वॉरंट खोटं म्हणणार?'

'हो.'

'आणि मी?'

'तुझं नाव येणार नाही. चूक माझी, सूड माझा, एवढंच बोलायचंय.'

तिने मुसळ थांबवलं, हाताने कोंडा बाजूला केला.

'मी कोर्टात आले त्या दिवशी रेंटी भाऊ माझ्या पुढे चालत होता. कुणी आडवं येऊ नये म्हणून. दारापर्यंत चालला. आणा त्याला. माझी पाठ मला ठाऊक आहे.'

वळलो, तर मागून म्हणाली, 'जज्जसाहेब, उन्हात टोपी घाला.'

१२ ऑगस्ट

फिलिसला विचारलं. माझं बोलणं पुरं होऊ दिलं नाही. 'तुमच्या पाया पडायची वेळ माझ्यावर आणू नका. आणा त्याला घरी.' तिच्या मांडीवर धाकटी होती, बापाला विसरायच्या वयाची.

कर्नलला होकार कळवला. आणखी विचार करत बसलो असतो तर कधीच कळवला नसता.

२ सप्टेंबर

बोलायचं वाक्य पाठ करतोय. ठरावांवर तास तास बोलायचो, तेव्हा कधी पाठ करावं लागलं नाही. डॉर्कस म्हणते, झोपेत बोलतोस.

१० सप्टेंबर

झालं.

सगळं लिहून ठेवतो. नाहीतर उद्या मी ते स्वतःलाच वेगळं सांगायला लागेन.

शहरातलं कोर्ट. न्यायाधीश नवा, माझ्याहून तरुण. गोरे पुढे बाकांवर, आमची माणसं वर सज्जात. सबीनाही होती. मला वाटलं नव्हतं ती येईल. ती आमच्या बायकांबरोबर पायी आली होती, डोक्याला स्वच्छ रुमाल बांधून.

नाव पुकारायच्या आधी सरकारी वकिलाने मला बाजूला घेतलं. 'एक वाक्य वाढवायचंय. बाईची तक्रार खोटी होती, हे माहीत असूनही तू वॉरंट काढलंस.'

'हे ठरलं नव्हतं.'

'आता ठरतंय.'

'तिचं नाव घेणार नाही असा शब्द दिलाय मी.'

'मग नको घेऊस,' तो म्हणाला. 'मी तुझा खटला मागे घेतो. तू घरी जा. कर्नलसाहेबांना तसं सांगतो.'

कर्नल पलीकडे खिडकीशी उभा होता. आमच्याकडे पाहतही नव्हता. बाहेर कुणाला तरी हात करत होता.

रेंटीचे पाय डोळ्यांपुढे आले. खरं सांगायचं तर तेच आले, आणखी काही नाही.

उभा राहिलो. शपथ घेतली. म्हणालो, 'वॉरंट खोटं होतं. मी ते सुडापायी काढलं.' मग वाढवलेलं वाक्य. 'सबीना ग्रँटची तक्रार खोटी होती. मला ते माहीत होतं.'

न्यायाधीश म्हणाला, 'मोठ्याने. शेवटचं ऐकू आलं नाही.'

पुन्हा म्हणालो. मोठ्याने.

मी वर पाहिलं नाही. पावलं ऐकली. सज्जाच्या लाकडी जिन्यावरून एकच माणूस खाली उतरत होतं, सावकाश, एकेक पायरी.

लॉरेन्स पहिल्या बाकावर होता. त्याची शिक्षा कागदोपत्री रद्द झाली. कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली.

११ सप्टेंबर

डॉर्कस म्हणाली, 'तेवढं एक बोलायचं नव्हतं.'

मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग माझा कोट उचलला, बटण तुटलं होतं ते लावत बसली. तिने मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

१३ सप्टेंबर

सबीनाच्या घरी गेलो. दार बंद. उखळ बाहेर उपडं घातलेलं. शेजारीण म्हणाली, खाचरावर गेलीय. पण खाचरावर तिला घेतात कुठे?

पुन्हा गेलो, संध्याकाळच्या आत. तीच शेजारीण. या वेळी तिने दुसरं काही कारणही सांगितलं नाही. नुसतं दार लावून घेतलं.

१९ सप्टेंबर

सबीना लेकराला घेऊन सवाना शहरी भावाकडे गेली. कायमची. चर्चमध्ये कळलं. पाद्री मला म्हणाले, 'ब्रदर डीस, तुम्ही एक जीव वाचवलात.' त्यांचा हेतू चांगला होता. बाकावर माझ्या शेजारची जागा मात्र रिकामीच राहिली.

२५ सप्टेंबर

पेंडीच्या दुकानावरच्या खोलीचं कुलूप निघालं. झाडलोट चाललीय. आमच्या भागाचा नवा न्यायाधीश नेमला.

लॉरेन्स व्हिटफर्ड.

तर हे सार्वजनिक काम होतं. शिक्षा झालेला माणूस त्या खुर्चीत बसू शकला नसता. आता बसेल. पहिलं कोर्ट येत्या सोमवारी.

डॉर्कसला सांगितलं. तिने चुलीवरचं भांडं खाली उतरवलं. मग म्हणाली, 'रेंटी येतोय ना? तेवढं मनात धर. तेवढंच बघ.'

धरलंय.

१ ऑक्टोबर

आला! फिलिसचा भाऊ गाडी घेऊन गेला होता. गाडी आमच्या दारावरूनच गेली. रेंटी पेंढ्यावर पडून होता, पाय फडक्यात गुंडाळलेले. मी हात वर केला. त्याचे डोळे मिटलेले होते. झोप लागली असेल.

डॉर्कसने कोंबडी कापली, भात केला, टोपली भरून फिलिसकडे देऊन आली. मला म्हणाली, 'आज नको जाऊस. त्याला घरचं होऊ दे.'

पुष्कळ दिवसांनी आज पोटभर जेवलो.

४ ऑक्टोबर

रेंटीकडे गेलो होतो. फिलिस म्हणाली, निजलाय. आतून खोकला ऐकू आला. निजलेल्या माणसाचा नव्हता.

सांगितलं, पुन्हा येईन. ती म्हणाली, 'तेच येतील म्हणालेत. चालता आलं की.' रडून तिचे डोळे सुजले होते. नवरा घरी आल्यावर?

७ ऑक्टोबर, रविवार

रेंटी आला. काठी टेकत, कुंपणापर्यंत. आत ये म्हटलं, नको म्हणाला.

म्हणाला, त्याला पकडलं त्याच दिवशी कर्नलचा माणूस कोठडीत आला होता. वॉरंट खोटं होतं, बाई खोटं बोलली, एवढं म्हण आणि घरी जा. नंतर छावणीतही येत राहिला. पाय सुजले तेव्हाही आला. 'दर वेळी नाही म्हणालो.'

त्याने काठी दुसऱ्या हातात घेतली.

'सबीनाला विचारलंत. फिलिसला विचारलंत. छावणीची वाट तुम्हाला ठाऊक होती. मला का नाही विचारलंत?'